वाडग्यातलं तिखट

देजॉन,
मंगळवार, ५ नोव्हेंबर २०१९

प्रिय जोम-रेताईस,
यन-सुकचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी पडलीय. किमचीच्या लोणच्याचे कोबी अजून आणले नाहीत, यंदा किती घालायची तेच ठरत नाही. माझ्या लेकीचं, सो-ईचं लग्न चौदा डिसेंबरला आहे. जावई शांत आहे, जेवण झालं की आपलं ताट आपण धुतो. तिचे बाबा त्याच्यावर फार खूश आहेत.

रविवारी तुला मंदिरात पाहून मला धक्काच बसला. दोन दिवस मंदिरात राहायची टूम विहीणबाईंची. "लग्नाच्या धबडग्याआधी आपण दोघी आया जरा शांत होऊन येऊ," म्हणाल्या. तू त्याच मंदिरात असशील हे मला काय ठाऊक...

बघ, पत्रातही खोटंच लिहायला लागले. विहीणबाईंनी मंदिराचं नाव घेतलं तेव्हाच मला कळलं होतं. तुझी सुकवलेल्या भाजीची पिशवी दरवर्षी त्याच पत्त्यावरून येते. नाही म्हणायला मी चार दिवस कारण शोधलं. मग मनाला समजावलं, स्वयंपाकघर मागे असतं, पाहुणे पुढे असतात, दोन दिवस निभतील.

कारण मी त्यांना सांगून बसलेय की मला सख्खं कुणी नाही. बोलणी झाली त्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "माहेरी कोण कोण?" त्यांचा भाऊ डॉक्टर, बहीण प्राध्यापिका. चौथीत शाळा सोडलेली, गिरणीतून मंदिराच्या चुलीपाशी गेलेली बहीण माझ्या तोंडून निघेना. तू गिरणीत उभी राहिलीस म्हणून मी कॉलेजात बसले, हे त्या वेळी आठवत नव्हतं असंही नाही.

रविवारी सकाळच्या जेवणाला भाताची बादली घेऊन तू आलीस. आम्ही ओळीत मांडी घालून, पुढे चार-चार वाडगे. मी मान इतकी खाली घातली की विहीणबाई कुजबुजल्या, "अहो, जेवणाआधीच ध्यान लागलं की काय?" तू माझ्यासमोर वाकलीस. मनगटावरचा गिरणीतला डाग दिसला.

"आपल्याला अजून थोडा वाढू का?" तू म्हणालीस.

ताई, तू मला 'आपण' म्हणालीस. जिला पाठीला बांधून तू पाणी भरलंस, तिला. मी नुसता हात आडवा केला.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या हाताने लिहायला हवं. वाडगे पुसायला किमचीचा एक तुकडा ठेवायचा, तो आधी पाण्यात खळबळून त्याचं तिखट काढायचं, हे छोट्या भिक्खुणीबाईंनी दोनदा सांगितलं होतं. माझं लक्ष तुझ्या पावलांकडे होतं, ती लवकर पुढे जावीत म्हणून. तुकडा तसाच वाडग्यातून फिरवला. वाडगे विसळलेलं शेवटचं स्वच्छ पाणी मी सगळ्यांचं पाणी जमवायच्या बादलीत ओतलं तेव्हा तिखटाचा लाल कण त्यात गेला. मी तो जाताना पाहिला.

मोठ्या भिक्खुणींनी बादलीत डोकावलं. "हे पाणी भुकेल्या प्रेतांचं. त्यांचे घसे सुईएवढे असतात, हा कण त्यांना निखाऱ्यासारखा लागेल. कुणाचा आहे?"

कुणी बोललं नाही. मीही नाही. पाणी असं बिघडलं की ते सगळ्या ओळीने पिऊन संपवायचं, हा तिथला नियम. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "स्वयंपाकघरातल्या बाईंनी बादलीच नीट धुतली नसेल हो." आणि मी, ताई, मी मान डोलावली.

तू ते ऐकलंस. पुढे येऊन वाकलीस. "चूक माझी, भिक्खुणीबाई. बादली मीच घासली होती." आणि उभ्या उभ्या आमच्या सगळ्यांचं उष्टं पाणी पिऊन टाकलंस. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. पाहिलं असतंस तर मी बोलले असते का? नसते बोलले. मला मी चांगली ठाऊक आहे.

बसमध्ये विहीणबाईंनी पर्सिमन सोलून दिलं. "किती हलकं वाटतंय नाही?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. ते फळ तसंच रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं.

आज सकाळी त्यांना फोन केला. बोलत बसले तर धीर जाईल म्हणून एका दमात सांगितलं: ती भात वाढणारी माझी सख्खी थोरली बहीण, तिने मला वाढवलं. मला वाटलं लग्न मोडलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ते तिखट तुमच्या वाडग्यातलं होतं."

मी हो म्हणाले.

"आणि मी त्या बाईंना नावं ठेवली," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. पुढे काय होईल माहीत नाही. सो-ईला अजून सांगायचंय. तिला मावशी आहे हे तिला माझ्याच तोंडून कळायला हवं.

लग्नाला ये असं लिहायला माझा हात धजत नाही. माफ कर, हेही लिहीत नाही, तू लगेच करशील म्हणून. येत्या शनिवारी मी येते. पाहुण्यांच्या यादीत नाव घालून नव्हे, मागच्या दाराने. तुमचे किमचीचे कोबी मिठात घालायचे असतील, तिथे बसेन. नको असेन तर सगळ्यांसमोर हाकलून दे.

पण हाकलताना मला 'आपण' म्हणू नकोस.

तुझ्या पाठीवर वाढलेली,
यन-सुक