नलिनीचा डी-डायमर आणि माझं गाऱ्हाणं

दहिसर, मंगळवार

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या धोंडूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि गाभण गाय, तिन्ही ठीक असतील अशी आशा. इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. पुढचं मात्र बसून वाचा. (फोनच केला असता, पण आमच्या एवढ्याशा घरात नलिनीला सगळं ऐकू जातं. म्हणून हे लिहून फोटो पाठवतोय.)

बारा दिवसांपूर्वी तुमच्या भावजयीला, नलिनीला, स्ट्रोक आला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही गेलंय. परवा घरी आणली. ही परत बोलेल का, असं विचारून मी डॉक्टर अनुपमांना इतकं भंडावलं की शेवटी त्या म्हणाल्या, रक्तातला डी-डायमर पुन्हा बघू. गुठळी विरघळताना तिचे जे बारीक अंश रक्तात येतात, ते त्यात मोजतात. आकडा चढाच राहिला तर सुधारणा जड जाण्याची शक्यता, उतरला तर आशा जास्त. (ही काही कुंडली नव्हे, असंही त्या म्हणाल्या, ते मी ऐकलं नाही. जन्मभर गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकी केलेला माणूस मी, माप हातात आलं की धीर येतो.) पहिला आकडा होता अठराशे चाळीस. हवा पाचशेच्या आत.

काल तिला चाकाच्या खुर्चीतून लॅबमध्ये नेलं. सुई टोचली आणि मला राहवेना. हात जोडून, गावच्या देवळात घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा जा काय आसा, ता चढता वाढता ठेव रे म्हाराजा!" रांगेतले पाचजण आपल्या कोकणातलेच निघाले. उपाशीपोटी असूनही एका सुरात म्हणाले, "होय म्हाराजा!" घरी आल्यावर ध्यानात आलं की मागायचं होतं उतरतं! जन्मात देवाकडे उतरतं मागितलंय कोणी? तेव्हा दादा, तुम्ही गावचे मानकरी. उद्याच देवळात जाऊन एवढी दुरुस्ती घाला.

तुमचा,
धोंडू

ता. क. रिपोर्ट आला. नऊशे दहा. देवाने बहुधा माझी अक्कल ओळखली. डॉक्टर म्हणाल्या, छान, पण खरं काय ते हात आणि जीभच सांगेल. म्हणजे माझी धास्ती होती तिथेच. देवळात नाही गेलात तरी चालेल.

आणखी एक. खरं तर पत्र ह्यासाठीच लिहायला घेतलं होतं. मला नलिनीची वेणी घालता येत नाही. सकाळी नुसता गुंता केला. तिने डाव्या हाताने फणी ओढून घेतली आणि रडली. मीही रडलो. वहिनींना पंधरा दिवस पाठवाल का? गावी कळवायचं नाही, असं ती पहिल्या दिवसापासून खुणेने बजावते आहे. आत्ता धीर करून तिलाच विचारलं, वहिनींना बोलावू का? बराच वेळ नुसते ओठ हलले. मग बारा दिवसांतला पहिला शब्द आला, "आज."