मामांचा इंग्रजी शब्द

८ मे १९९९, शनिवार

उद्या मला बघायला येणार! एम.ए.चं नाव काढलं की बाबांचं एकच — "हे स्थळ हुकलं तर बघू." मग हुकलंच पाहिजे. मुलगा प्रेमानंद, सेनगावला मास्तर. त्याचे मामा म्हणे दर पोरीला एकच इंग्रजी शब्द विचारतात. पंचफुला आत्यानं सांगितलं. एकच शब्द, गावोगाव! पोरी बघत फिरायची जीप भाड्याची, शब्द तेवढा स्वतःचा.

९ मे

आले. सहा माणसं, पोहे दहा जणांचे खाल्ले. मामांनी घसा खाकरला. "अक्सोरियस म्हणजे काय? वाक्यात उपयोग कर."

हात्तिच्या! बी.ए.ला इंग्रजी घेऊन एवढं येणार नाही? सांगितलं — बायकोवर नको इतका जीव टाकणारा, तिच्याच कलानं चालणारा नवरा. शब्द टिंगलीचा आहे. साध्या प्रेमळ नवऱ्याला लावत नाहीत, अति झालं की लावतात. बायको नवऱ्यापायी वेडी झाली तर? तिच्यासाठी असा शब्द मला तरी माहीत नाही. ते रोजचंच धरतात!

वाक्य मुद्दाम इंग्रजीत टाकलं — माझा नवरा अक्सोरियस निघाला तर मामांना घरात कोण विचारील! मामा म्हणाले, "गुड, गुड." आमची धाकटी आकांक्षा पाणी घेऊन दारात उभी होती, ती खुदकन हसली. तेव्हा कुठे मामांना कळलं. प्रेमानंदनंही तेव्हाच पहिल्यांदा बशीतून मान वर काढली.

आत गेल्यावर आत्या — "काहून असं बोलून राहिली गं? जिभेला काही हाड?"

१२ मे

मामांचा नकार! "पोरगी लई शानी हाय." बाबा जेवले नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं. प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं की रुसायचं — असले परीक्षक!

१३ मे

आकांक्षा बी.एस्सी.चा अभ्यास सोडून दिवसभर मामांची नक्कल करत होती. हसून पोट दुखलं.

१६ मे, रविवार

आत्या पुन्हा आली. "पोरगं अडून बसलंय. म्हणतंय, हसली ती धाकटीच पायजे."

बाबा लगेच हो म्हणाले. आकांक्षाचं कॉलेज बंद. मला म्हणाले, "तू जा आता नांदेडला, कर एम.ए."

आकांक्षा माझ्याकडे बघत होती. मी एम.ए.चा फॉर्म काढून भरायला घेतला.