उकडण्याआधी

१ मार्च २००२, शुक्रवार
माफ कर. ईदच्या आधीपासून वही उघडलेली नाही. लिहायला बसले की मनातलं खरं होईल अशी भीती वाटत होती.

नबिलाला ताप येतो. सकाळी नाही, संध्याकाळी चढतो, मग घामाने गाऊन पिळून काढावा इतका भिजतो. हनीफ म्हणतात, ‘ईदची दगदग.’ मीही तेच म्हणत राहिले. आज खाली डॉ. अजरांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि नबिला उठली नाही. अजरा जनावरांच्या डॉक्टर; दर शुक्रवारी ती त्यांच्याबरोबर मुसफ्फाच्या पलीकडच्या इज्बांवर, म्हणजे अरबांच्या गोठ्यांवर, जाते – शेळ्या, मेंढ्या, एखादा आजारी उंट. बायॉलॉजीचं दुसरं वर्ष चालू आहे, आणि पुढे ऑस्ट्रेलियात जनावरांची डॉक्टर व्हायचंय. तिथे नुसते मार्क बघत नाहीत, जनावरांत हात घातलेत का ते बघतात. ताप असो, परीक्षा असो, तिने एकही शुक्रवार चुकवलेला नाही.

आज भिंतीकडे वळून म्हणाली, ‘टेल हर सॉरी, अम्मी.’

४ मार्च, सोमवार
हॉस्पिटल. रक्त घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, जनावरांत काम करतेस? हो. कच्चं दूध पितेस?

नबिला म्हणाली, ‘नो. नेव्हर.’ मीही मान हलवली. आमच्या घरात कच्चं दूध? मी बारा महिने शाळेत मुलांना हेच शिकवते.

७ मार्च, गुरुवार
ब्रुसेलोसिस. इथे माल्टा फीवर म्हणतात. शेळ्यांकडून येतो. दोन प्रकारच्या गोळ्या, सहा आठवडे. बरी होईल.

 घरी आल्यावर हनीफ म्हणाले, ‘खलास.’ तिचे गमबूट काळ्या पिशवीत बांधून बाल्कनीत टाकले.
‘पपा, इट्स ट्रीटेबल.’
‘आज हा निघाला. उद्या दुसरा. मी तुला बकऱ्यांच्या मागे मरायला वाढवलं नाही. फार्मसी कर.’
मग डॉ. अजरांना फोन. त्या हैदराबादच्या, आवाज बाहेरपर्यंत येत होता – ‘भाईसाब, बगैर ग्लव्ज के मैं उसे हाथ लगाने नहीं देती.’ हनीफनी फोन ठेवून दिला.

मार्चअखेर डॉ. अजरांनी तिच्या कामाबद्दल ऑस्ट्रेलियाला लिहायचंय. मेंढ्या व्यायचे दिवस हेच. आता गेली नाही तर लिहिणार काय?

८ मार्च, शुक्रवार
हॉर्न वाजला नाही. तिने सगळी पुस्तकं पलंगाखाली सरकवली आहेत.

१० मार्च, रविवार
आठवलं. वर्गात, फळ्याकडे तोंड असताना. नववीला पाश्चरायझेशन शिकवत होते. ‘उष्णतेने जंतू मरतात’ लिहिलं आणि खडू तिथेच थांबला.

खरवस!

जानेवारीत मीच म्हटलं होतं, ‘एखादी शेळी व्यायली तर चीक मिळतो का बघ गं.’ रत्नागिरी सोडल्यापासून खाल्ला नव्हता. इज्बावरच्या माणसाने दूधपावडरच्या डब्यात भरून दिला. मी गूळ किसून घातला, वेलची घातली. कुकरमध्ये ठेवायच्या आधी बोट बुडवून चाटलं. गोडी बघायला. आई बघायची, तिची आई बघायची. मग चमचाभर नबिलाच्या तळहातावर घातला.

‘लिटल मोअर, अम्मी.’

गूळ वाढवला. पुन्हा तिला चाटवलं. मग उकडला. कच्चं दूध आम्ही ‘पीत’ नाही, हे खरंच आहे. मुलांना काय शिकवते मी?

११ मार्च, सोमवार
नबिलाला सांगितलं. ती गोळ्या मोजून डबीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘आय न्यू. डॉक्टरनी विचारलं तेव्हाच आठवलं.’
‘मग बोलली का नाहीस?’
‘पपांनी तुला आयुष्यभर ऐकवलं असतं. मला एखाद वर्ष ऐकवतील.’

असं कसं वाढवलं मी हिला, की तिने मला वाचवावं? आणि कालचा पूर्ण दिवस मी गप्प राहिले. शहानिशा करत होते असं स्वतःला सांगितलं. शहानिशा कसली – हनीफच्या तोंडाची भीती.

१३ मार्च, बुधवार
हनीफना सांगितलं. सगळं. चमच्यासकट.

त्यांना पटलं नाही. ‘खरवस मी सगळ्यांत जास्त खाल्ला. मग मी कसा उभा?’
‘तुम्ही उकडलेला खाल्ला.’
‘आणि तू? तूपण चाटलंस ना? तू कशी ठणठणीत?’ मग हळू आवाजात, ‘पोरीसाठी खोटं बोलतेस. बोल. पण मला मूर्ख समजू नकोस.’

 आता लिहिताना कंबर ठणकतेय. ईदपासून ठणकतेय. मनगटंही. चाळिशी झाली, फळ्यावर लिहून लिहून होतं, असं धरून चालले होते.

१६ मार्च, शनिवार
तपासायला रक्त देऊन आले. हनीफना सांगितलं नाही, नबिलालाही नाही.

डॉ. अजरांनी त्या इज्बावरच्या शेळ्या तपासल्या. चीक दिलेली शेळी आजारी निघाली. तिथल्या माणसांनाही तपासायला नेलंय. हे ऐकूनसुद्धा हनीफ म्हणाले, ‘तेच तर म्हणतोय मी. तिथे गेली म्हणून लागलं.’

नमाजनंतर हात वर केले आणि काय मागावं कळेना. आजार मागायचा? रिपोर्ट स्वच्छ आला तर पोरीचा रस्ता बंद. आणि आजार निघाला, तर माझ्याच हातून तिला हे झालं, हे कायमचं पक्कं. दुआ न मागताच उठले.

१८ मार्च, सोमवार
नबिलाला दोन दिवस ताप नाही. हनीफनी फार्मसीची माहितीपुस्तकं आणून टेबलावर ठेवली. तिने एक उघडून वाचलं. रडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ मार्च, मंगळवार
मलाही आहे.

रिपोर्ट हनीफच्या हातात दिला. दोनदा वाचला त्यांनी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात लागलं.’ मी हो म्हटलं. त्यांनी रिपोर्ट घडी करून माझ्या हातात दिला. मग, ‘तुझ्या गोळ्या कधी सुरू?’ आणि दारापर्यंत जाऊन, पाठमोरेच, ‘त्या हैदराबादी बाईंचा नंबर दे. मी फार वाईट बोललो त्यांना.’

उद्या: काळी पिशवी सोडून नबिलाचे गमबूट धुणे.