चंपाबाईचा चुकलेला शब्द

मी, पारूबाई सखाराम हिवराळे, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव मुलगी सुलेखा हिला. तिनं लग्न कधी करावं हे नातेवाइकांनी ठरवू नये.

२. माझी पुस्तकं वस्तीतल्या बुद्धविहाराला. कपाट ओल येणाऱ्या भिंतीला लावू नये.

३. दीर कडुबा यांना भिंतीवरचं घड्याळ. माझा मुलगा प्रणय चितेगावच्या कंपनीतून परतताना अपघातात गेला. पाचव्याच दिवशी कडुबा मला म्हणाले, "आता दुःख पुरे." घड्याळही असंच पुढे पळतं. राग गेला आहे, घड्याळ मात्र न्यावं.

४. प्रणय गेल्यावर सहा महिने मी एक शब्द बोलले नाही. वस्तीतल्या बायकांनी पाळ्या लावून मला जेवू घातलं, माझी वेणी घातली आणि पावसाळ्यातल्या वर्षावासात रोज संध्याकाळी हाताला धरून विहारात ग्रंथवाचनाला नेलं. शेजारीण चंपाबाई वाचायची आणि चुकायची. एकदा तिनं 'अनित्य'च्या जागी 'नित्य' वाचलं. तीस वर्षं पोरांचं वाचन तपासलेली मी, मला राहवलं नाही. "अनित्य," मी म्हणाले. तो शब्द माझ्याच कानावर पडला आणि मी लेकासाठी पहिल्यांदा रडले. बायका भोवती बसून राहिल्या, कोणी उठलं नाही. त्यांचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत.

चंपाबाईला वाचता उत्तम येतं, हे मला तीन वर्षांनी कळलं. "बाई, तुमी बोलावं म्हणून रोज एक शब्द चुकवत व्हते. लई दिवस लावले तुमी."

५. चंपाबाईला मी काहीही देत नाही. ज्याला द्यायचं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला हिची सही हवी आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "मला काय नको. सही कुठं करू, तेवढं सांगा."

६. सुलेखा माझ्यावर गेली आहे, दुःख झालं की मिटून बसते. मला घोर आहे तो एवढाच. माझ्यामागे ती बोलेनाशी झाली, तर तिला विहारात न्यावं, पुढे बसवावं. चंपाबाई, तिच्यासमोर 'नित्य' वाच. ती हे मृत्युपत्र वाचणारच, तरी तिला राहवणार नाही. तिला मी शिकवलं आहे. ती दुरुस्त करेपर्यंत चुकत राहा.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून मी सही केली.

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

पारूबाई सखाराम हिवराळे

साक्षीदार:
१. चंपाबाई खरात
२. सोमनाथ बनकर