बादलीतलं आलं आणि बंगळूरची टांगती तलवार

तीर्थस्वरूप द्वारकाताईस धाकट्या श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत नुसता वाकेन.) तुझा गुडघा कसा आहे? मी उत्तम. फोन केला असता, पण तू स्पीकर लावून बोलतेस आणि अर्ध्या लोणी काळभोरला आमच्या घरचं कळतं.

हेमा एप्रिलपासून स्वरालीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला आहे, हे तू जाणतेसच. आता लेकीचं म्हणणं असं, की बाबांना एकटं राहणं जमत नाही, तर पुण्याचं घर भाड्याने देऊन दोघांनी कायमचं तिकडेच यावं. मी म्हटलं, मला सगळं जमतं, मी पुणं सोडणार नाही. त्यावर हेमाने अट घातली, की मी घर बघायला येईन तोपर्यंत एक तरी रोप जगवून दाखवा, मग तुम्ही खुशाल पुण्यात एकटे राहा, मी लेकीकडेच राहीन. (तिच्या तीन तुळशी आणि एक मनीप्लँट माझ्या हातून गेले आहेत. मनीप्लँट मरू शकतो, हे शेजाऱ्यांनाही नवीन होतं.)

म्हणून मे महिन्यात जुन्या बादलीला भोकं पाडून आल्याचा कोंब फुटलेला तुकडा लावला. महिनाभर काही उगवेना. मी दर रविवारी उकरून पाहत असे आणि पुन्हा पुरत असे. शेवटी पाटी लावली, ‘येथे आले लावले आहे. उकरून पाहू नये.’ (घरात मी एकटाच, पण पाटीवर लिहिलेलं मी पाळतो.) पहिला कोंब कामाला येणाऱ्या सरुबाईंनी गवत समजून उपटला, तेव्हा पाटीत ‘उपटू नये’ वाढवलं. पावसाळ्यात मात्र पानं कमरेपर्यंत आली आणि मी हेमाला रोज फोटो पाठवू लागलो. डिसेंबरात पानं पिवळी पडली. पाणी वाढवलं, खत घातलं, शेजारी रेडिओही लावून पाहिला. परवा सगळं आडवं झालं. हेमाला सांगितलं, झकास आहे. ती रविवारी येते आहे.

बाकी सर्व ठीक. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
श्यामसुंदर

ता. क. हे पत्र तुझ्या शेजारच्या भीमरावांच्या टेम्पोतून पाठवतो आहे. शुक्रवारी ते पुन्हा मार्केट यार्डात येतील, तेव्हा त्यांच्याबरोबर अर्धा किलो आलं पाठव. धुऊ नकोस, माती राहू दे. बादलीत पुरून हेमासमोर उकरून दाखवतो. नाहीतर उरलेलं आयुष्य बंगळूरला काढावं लागेल.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी तुझ्या आल्यासाठी खड्डा करून ठेवावा म्हणून माती काढली, तर खाली बादली आल्याने गच्च भरलेली! सरुबाई म्हणाल्या, “अहो काका, पानं वाळली म्हणजे आलं तयार झालं. एवढंही माहीत नाही?” लगेच एक तुकडा ठेचून चहा केला. सवयीने दोन कप झाला. दुसरा कपही मीच प्यायलो, आणि ताई, फार एकटं वाटलं. मला एकट्याला राहता येतं हे आता सिद्ध झालं आहे. पण मला राहायचं नाही.

तेव्हा आलं पाठवू नकोस. उलट भीमराव या पत्राबरोबर माझ्या आल्याची पिशवी देतील, ती ठेवून घे. हेमाने विचारलं तर तू ते मार्केट यार्डातून मागवलंस. आमचं मेलं.