तीन सभासद आणि एक कुरण

मी, एवाल्ड क्रॉइट्सकाम्प, कोळशाच्या खाणीतला निवृत्त फिटर, वय एकोणऐंशी, राहणार हॅसल, गेल्झेनकिर्खेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने लिहून ठेवतो ते असे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. कुणाचा दाब नाही, प्यालेलो नाही. आमच्याकडे सगळं स्वहस्ते लिहिलं तर साक्षीदार लागत नाहीत. तरी मी ते बोलावणार आहे, कारण या वस्तीत साक्षीदार नसलेली गोष्ट घडलीच नाही असं धरतात. याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्ही रागात लिहिलेली होती.

कलम १. राहतं घर आतल्या सामानासह माझा एकुलता एक मुलगा टॉर्बेन याला मिळावं. तळघरातला पंप लाथ घातल्याशिवाय सुरू होत नाही. त्याच्या आईला, कै. मार्लिसला, ती लाथ बरोबर जमायची. टॉर्बेनला जमेल की नाही सांगता येत नाही. तो या घरात नाताळला येतो, हवापाण्याचं बोलतो आणि जातो.

कलम २. बँकेतल्या शिलकीतून आधी माझी माती व्हावी आणि आलेल्यांना कॉफी व केक मिळावा. केक घरचा असावा. उरेल ते टॉर्बेनला.

कलम ३. शर्यतीची कबुतरं आणि खुराडं गिसबर्ट आल्टहोफ याला. गिसबर्ट हा माझा खाणीतला सोबती आणि आमच्या अमेरिकन फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. गेली कित्येक वर्षं तो माझी कबुतरं आळशी आहेत असं म्हणतो. आता त्यानेच उडवून दाखवावीत.

कलम ४. मैदान मोजायची साखळी आमच्याच क्लबातल्या हेडविग टीमान हिला. ही साखळी कुठली ते लिहितो, म्हणजे तिच्यामागे कुणी ती भंगारात घालणार नाही. एकोणऐंशी साली छावणीतल्या एका अमेरिकन शिपायाने आम्हाला त्यांचा हा फुटबॉल शिकवला, हातात धरून पळायचा. चार प्रयत्नांत चेंडू दहा पुढे न्यायचा, एवढं आम्हाला कळलं. दहा काय, ते आम्ही विचारलं नाही. दहा म्हणजे मीटरच असणार, दुसरं काय असतं? मी दहा मीटरची साखळी वेल्डिंग करून बनवली, मिलिमीटरसुद्धा चुकू दिला नाही, आणि चुन्याने सगळं मैदान मीटरमध्ये आखलं. दोन हंगाम पोरं त्यावर घाम गाळत राहिली. मग परगावी पहिला सामना खेळलो, तिथलं मैदान यार्डांत, आणि यार्ड मीटरपेक्षा आखूड. दरवेळी आमची पोरं हवं त्याच्या पुढेच जाऊन पडत होती. त्यांचा प्रशिक्षक चिडून म्हणाला, "यांना कुणी थांबायला शिकवलं नाही का?" हेडविग तेव्हापासून मैदानाच्या कडेला साखळी धरते. खरी साखळी नंतर विकत आणली, पण हीच तिच्या आवडीची आहे.

कलम ५. माझा पहिला लांबुळका चेंडू माझा भाऊ डीटमार याला. आमच्या घरात सगळे पायाने खेळायच्या फुटबॉलचे. डीटमार माझ्या खेळाला जन्मभर "अंडं" म्हणत आला. "काय रे, अंड्यावर बसून काही निघालं का?" असं तो माझ्या पन्नाशीच्या वाढदिवसालाही सगळ्यांसमोर म्हणाला होता. चेंडू त्याने उकडून खावा, माझी हरकत नाही.

कलम ६. कुरण. हे कलम नीट वाचावं.

घरामागचं कुरण माझ्या मालकीचं. हॅसल बायसन्स हा आमचा क्लब सुरुवातीपासून तिथे खेळतो. नव्वदच्या दशकात अमेरिकनांनी युरोपात आपली व्यावसायिक लीग आणली. आमच्या भागातल्या मोठ्या स्टेडियमवर ढोल, फटाके, गर्दी. खेळाडू बहुतेक तिकडचे. इकडच्या पोरांना बाकावर जागा. टॉर्बेन आमचा चेंडू फेकणारा, आमचा सगळा खेळ त्याच्या हातात. तो त्या बाकावर बसायला गेला. मी क्लबचा सचिव. त्याचं नाव यादीतून पट्टी लावून खोडलं आणि घरात त्याचा विषय काढायचा नाही असं सांगितलं. ती लीग पुढे एका उन्हाळ्यात अमेरिकेतूनच बंद झाली. मला आनंद झाला नाही. इतकी माणसं हळहळताना बघून वाईटच वाटलं.

आता नवी लीग आली आहे, युरोपातली. दरवर्षी नवी शहरं, नवे संघ, टीव्हीवर सामने, खेळाडूंना पगार. वाढते आहे, वाढू दे. चांगली पोरं तिकडे जाणार, कुणी का जाऊ नये? पण आमच्याकडे संघ उभा राहीना. उरलेले खेळाडू शेजारच्या गावच्या क्लबात गेले. आमच्या क्लबात आता तीन सभासद आहेत: गिसबर्ट, हेडविग आणि मी. कुरणावर शनिवारी वस्तीतली पोरं खेळतात. हेडविग शिकवते. त्यांचे आईबाप सभासद होत नाहीत, कारण सभासद झालं की बैठकीला बसावं लागतं.

टॉर्बेन आज त्या नव्या लीगच्या इथल्या संघाचा व्यवस्थापक आहे. गेल्या नाताळात तो पहिल्यांदाच हवेखेरीज काही बोलला. "बाबा, कुरण आम्हाला द्या. सरावाला जागा नाही. दिवे लावू, कृत्रिम गवत टाकू."

"आणि शनिवारची पोरं?"

"कुंपणाबाहेरून बघतील," तो म्हणाला. मग स्वतःच खाली बघायला लागला.

कायदा असा की तीनपेक्षा कमी सभासद असले की नोंदणीकृत क्लब संपला. मी गेलो की दोन उरतात. नसलेल्या क्लबाला जमीन देता येत नाही. म्हणून: माझ्या मृत्यूनंतर क्लबात तीन सभासद असतील तर कुरण क्लबाला. नसतील तर टॉर्बेनला, आणि तो त्याचं काय करेल ते मला ठाऊक आहे. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे. तिसरा माणूस मी दारोदार शोधला. मिळाला नाही.

पुरवणी. वरचं सगळं लिहून झाल्यावर आज दुपारी साक्षीदार म्हणून गिसबर्ट आणि हेडविगला बोलावलं. टॉर्बेनलाही. तो उभ्यानेच वाचत होता.

गिसबर्ट म्हणाला, "बस की रे. फुकटात कुरण मिळतंय, निदान बसून तरी घे."

टॉर्बेनने कागद खाली ठेवला. "हेडविग मावशी, सभासद किती?"

"तीन. हा गेला की दोन."

"चार आहेत," तो म्हणाला. "मी आहे ना."

"तुझं नाव मी खोडलंय," मी म्हणालो.

"खोडून कुणी बाहेर जात नाही, बाबा. एकतर सभासदाने लेखी राजीनामा द्यायचा, नाहीतर बैठकीत ठराव करायचा. नियमावली तुम्हीच लिहिलीत. ठराव केला होता का?"

केला नव्हता. गिसबर्टने विचारलं, "आणि वर्गणी?"

"संस्थापकांच्या मुलांना माफ. तेही यांनीच लिहिलंय."

हेडविग केक कापायची थांबली. "अरे, गप्प बसला असतास तर कुरण तुझं होतं. आम्हाला कुणाला कळलंही नसतं."

"माहितेय."

मी विचारलं, राजीनामा का नाही दिलास? इतकी वर्षं होती.

"तो सचिवाला लिहायचा असतो," टॉर्बेन म्हणाला. "सचिव तुम्ही. काय लिहिणार होतो मी तुम्हाला?"

मला रडू आलं. मृत्युपत्रात असं लिहीत नाहीत, पण साक्षीदारांनी पाहिलं आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. नंतर मी विचारलं, उद्या तुझ्या संघाच्या कचेरीत काय सांगशील? तो म्हणाला, "जागा मिळत नाही, असं सांगेन. खरंच आहे ते."

सबब कलम ६ मधली अट मी काढून टाकतो. कुरण हॅसल बायसन्स क्लबाला जावं. माझ्यामागे त्याचे सभासद तीन आहेत.

हॅसल, गेल्झेनकिर्खेन. रविवार, १४ एप्रिल २०२४.

(सही) एवाल्ड क्रॉइट्सकाम्प

साक्षीदार:
गिसबर्ट आल्टहोफ, अध्यक्ष
हेडविग टीमान, सभासद
टॉर्बेन क्रॉइट्सकाम्प, मुलगा आणि सभासद