माझ्या वाटणीची उडी

बाई, माझ्या वर्गातल्या आजींना उद्यापासून उभं राहून व्यायाम करायला हरकत नाही, असं त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी आज सकाळी फोनवर सांगितलं. आधार जवळ ठेवा, उड्या नकोत, एवढंच. हे आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, ते फोन ठेवल्यावर आठवलं.

मी नांदेडात बायकांचा एरोबिक्सचा वर्ग घेते. पूर्वी वयाप्रमाणे बॅच पाडल्या होत्या. आजी मात्र हट्टाने सुनेच्या बॅचमध्ये यायच्या. ऑपरेशननंतर परत आल्या, तेव्हा मी त्यांना तिथून काढून म्हाताऱ्यांत घातलं. त्या दारातच थांबल्या. "सून नाचून राहिली अन् मी काय भजनाला बसू?" म्हणाल्या आणि गेल्याच. मग एक दिवस सून म्हणाली, "मॅडम, सासूबाई पलंगावरून उठंना झाल्यात. गुडघा आखडलाय."

मला उमरीच्या शाळेचं मैदान आठवलं. माझा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, मुली लेझीम खेळतायत आणि मी खिडकीत बसून रडतेय. तुम्ही, आमच्या खेळाच्या बाई, स्वतः स्टूल उचलून आणता, पहिल्या रांगेत मधोमध ठेवता. "पाय मोडलाय, कान न्हाई. बस अन् वाजव." मी ओठ हलवत ठेका मोजते, तर लगेच डाफरता, "ओठ मिट. ऐक!" मी बसून वाजवते आणि खेळ माझ्यासकट चालू राहतो.

मी बॅच मोडल्या. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आणि आजींना बोलावून आणलं. गाणं एकच, पोरी उड्या मारतात, चाळिशीच्या बायका जागेवर चालतात, आजी बसून टाचा उचलतात, हात वर नेतात. पहिल्या दिवशी सून सासूसमोर उडी मारायला लाजत होती. आजी ओरडल्या, "अगं मार की! माझ्या वाटणीची बी तूच मार!" हॉलभर हसू फुटलं, सून उडाली, आणि पुढच्या ठोक्याला सगळ्यांचे पाय, टाचा, चपला एकदम वाजल्या. ते स्टूल उचलताना तुम्हाला हे एवढं दिसत होतं का, बाई?

तुम्हाला लिहिलेला हा कागद ट्रॅकसूटच्या खिशातच राहील. उद्या सकाळी आजी उभ्या राहतील. खुर्ची मागे, सून शेजारी. ठेका मी देईन. आणि अजूनही मी ओठांनीच मोजते.